बहिणीची शिळा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलीच्या नाही. देवाच्याही नाही — देवापुढं हात जोडले की पहिलं हेच ओठावर येतं, आणि मग मी घाईघाईनं मुलीच्या नोकरीचं, माझ्या गुडघ्यांचं, असलं काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ इथं येऊन अडते. आणि माझी जीभ अडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं कळावं? सासूबाई म्हणायच्या, आमच्या सुनेला देवानं जीभ दिली आणि लगाम द्यायचं राहून गेलं.

दिवाळी जवळ आली की माझं फराळात लक्ष लागत नाही. बाकीच्या बाया फराळाच्या फिकिरीत असतात. मी चिवडा परतत असते आणि कान फोनकडं. भोकरहून सुमनचा फोन येणार — वैनी, औंदा गंगेतली नाव कोणत्या दिवशी सुटणार हाय? — आणि मी तारीख सांगणार. सांगताना आवाज अगदी शाळेतल्यासारखा, खणखणीत. फोन ठेवला की चिवडा करपलेला.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय उमगणार? नीट सांगते.

मी नांदेडला शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज झाली की, आम्ही एक सहल काढतो. मीच सुरू केली. धरणाच्या फुगवट्यात एकानं लाँच आणली आहे, वर कापडी छत, दोन्हीकडं बाकं, कर्णा आणि माईक. पहिल्या दिवशी गंगेतून जायचं — आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात, बोलताना ती गंगाच. काठाच्या जुन्या गावांना उतरत जायचं, घाट बघायचे, देवळं बघायची. संध्याकाळी टेम्पोनं कंधारला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कंधारचा किल्ला, तिसऱ्या दिवशी उदगीरचा किल्ला, आणि परत. शिक्षक, बँकेतली माणसं, त्यांच्या बायका, सासवा, पोरं. आणि माईक माझ्या हातात.

त्या माईकचं खरं सांगू? मला त्याची चटक लागली. वर्गात पोरं ऐकतात ती मार्कांसाठी. इथं मोठी माणसं, आणि तीही स्वतः होऊन आलेली. मला वाटायचं, आता ही माना वर करून ऐकतील, विचारतील, बाई, तुम्हाला एवढं कसं हो ठाऊक. कशाचं काय! पहिल्याच वर्षी लाँच सुटली तसे डबे उघडले. मी घाटाच्या पायऱ्यांबद्दल सांगतेय आणि पुढ्यातल्या दोघीजणी शेवेच्या भाजीवर बोलताहेत. एक गृहस्थ तर मला मध्येच थांबवून म्हणाले, बाई, संडासाची सोय पुढच्या गावात आहे का तेवढं बघा. मला असा राग आला म्हणता. नाकाचा शेंडा लाल झाला असणार.

मग ते वळण आलं. तिथं काठावर, अर्धी पाण्यात, एक शिळा उभी आहे. तिच्यावर एक हात कोरलेला — कोपरात वाकलेला, वर उचललेला, मनगटात बांगड्या. ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. इतिहासाचा कोणीही शिक्षक सांगेल. ती सतीची शिळा. बांगड्यांचा हात म्हणजे बाई अहेवपणी गेली. मी सुरुवातही तशीच केली, ही सतीची शिळा आहे — आणि एक पोरगी आईला म्हणाली, मम्मी, अजून किती लांब आहे गं?

तेव्हा काय झालं मला? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, थांबा, लोक हिला सतीची शिळा म्हणतात, पण जुनी माणसं वेगळंच सांगतात. ही एका बहिणीची शिळा आहे.

कोणती जुनी माणसं? कोणीच नाही. शब्द तोंडातून निघत होते आणि पुढचे तयार होत होते. म्हणे, हिचा भाऊ रुसून घर सोडून गेला. ही त्याला शोधत गावोगाव हिंडली. जिथं जाई तिथून तो आदल्या दिवशीच गेलेला. शेवटी गंगेनं तिला सांगितलं, पोरी, शोधणाऱ्या बहिणीला भाऊ सापडत नाही, वाट बघणारीलाच सापडतो. मग ही इथं उभी राहिली, हात वर करून. तीन वर्षं भाऊबिजेनंतर तिनं गंगेची ओटी भरली, मग सव्वा महिना उंबऱ्यात दिवा लावून बसली, गावची शीव ओलांडली नाही — आणि भाऊ आपल्या पायांनी दारात आला.

नावेत सगळे गप्प. इतके गप्प की पाण्याचा आवाज यायला लागला. शेवेच्या भाजीवाल्या दोघींपैकी एकीनं डोळ्यांना पदर लावला. तो संडासवाला गृहस्थसुद्धा टोपी काढून शिळेकडं बघत होता. मला काय वाटलं म्हणता? मला फार बरं वाटलं. लाज नाही, भीती नाही. बरं वाटलं.

आणि सुमन पुढच्याच बाकावर बसली होती.

सुमन म्हणजे माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती, म्हणून मी तिला नावानंच हाक मारते. भोकरला दिलेली आहे. तिच्या नवऱ्याचं, दाजींचं, बियाण्यांचं दुकान आहे. तिच्या पाठचा प्रकाश, माझा धाकटा दीर. सहलीच्या आदल्या उन्हाळ्यात देवणीला चुलत्याच्या घरी लग्न होतं. प्रकाशनं तिसरी नोकरी सोडल्याचं तिथं कुणीतरी आमच्या यांच्या कानावर घातलं, आणि यांनी भर मांडवात, वऱ्हाडासमोर, त्याच्या मुस्काटीत मारली. तिशीचा माणूस हो तो. सुमन त्याच्या शेजारीच उभी होती, हातात अक्षता घेऊन. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. थोरल्या भावापुढं कधी बोलली नव्हती, त्या दिवशी कशी बोलणार? तो तिथून निघाला तो निघालाच.

त्यानंतर सुमन त्याला शोधत होती. भोकरच्या बाहेर कधी एकटी न गेलेली बाई निजामाबादला गेली, हैदराबादला गेली, पुण्यात कुणी पाहिलं म्हणून पुण्याला गेली. मोबाइलमधला फोटो टपरीवाल्यांना, रिक्षावाल्यांना दाखवत हिंडायची. पायांना भोवरा लागल्यासारखी. आमचे हे म्हणायचे, कशाला हिंडतीस, यायचं असंल तर येईल. यांना स्वतःला जाववत नव्हतं आणि दुसऱ्यानं गेलेलं बघवत नव्हतं. तिला जरा हवापालट म्हणून मीच सहलीला बोलावलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईला नणंदेची कणव आली, तिला धीर यावा म्हणून गोष्ट रचली असेल. असं म्हणायचा मोह मलाही झाला, लई वेळा झाला. पण नाही. रचताना मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. भाऊ रुसून गेला हे मात्र सुचलं ते तिच्यामुळंच — जवळ होतं ते उचललं आणि वापरलं. घरातलं दुखणं उचलून परक्यांना वाटलं, त्यांनी डबे बंद करावेत म्हणून.

तिनं तिथंच नाव थांबवायला लावली. लाँचवाल्यानं काठाला लावली. कुणाजवळ नारळ होता, कुणी पर्समधलं हळदकुंकू दिलं, डब्यातले मूठभर तांदूळ निघाले, सुमननं आपल्या पिशवीतला नवा रुमाल खण म्हणून ठेवला. पाण्यात गुडघाभर उतरून तिनं ओटी भरली. वर आली तेव्हा तिचा चेहरा — काय सांगू — कितीतरी महिन्यांनी तिचा जबडा सैल झाला होता. मला म्हणाली, वैनी, हे आधी का न्हाई सांगितलं?

तेव्हा सांगायला हवं होतं. अगं, गंमत केली. किती सोपं होतं! फार तर हसल्या असत्या बाया. पण तिनं मला इतकं भरल्या डोळ्यांनी विचारलं, आणि सगळे ऐकत होते, आणि माझ्या तोंडून निघालं — वेळ यावी लागते सुमन.

ती घरी गेली आणि तिचं शोधणं थांबलं. एकदम. तिरुपतीच्या रांगेत प्रकाशसारखा कोणी दिसला असं शेजारणीनं सांगितलं, तर म्हणाली, आपल्याला जायचं न्हाई, त्यो येईल. दाजींनी मला फोन करून आभार मानले. वैनी, तुमच्यामुळं बाई जेवायला लागली. मी म्हणाले, माझं काय त्यात.

दुसऱ्या वर्षी सहलीच्या ऐन तोंडावर तिला ताप भरला. ओटीचं सगळं सामान तिनं दाजींच्या हाती नांदेडला पाठवलं आणि फोनवर मला म्हणाली, वैनी, तुम्हीच भरा माझ्या नावानं. मी भरली. स्वतः बनवलेल्या देवाची स्वतःच ओटी भरली. पाणी गार होतं, वर यावंसं वाटत होतं, पण मागं नाव भरून माणसं बघत होती, म्हणून मी डोळे मिटून पुटपुटले. काय पुटपुटले? सातचा पाढा. खोटं कशाला सांगू.

एव्हाना कुणीतरी त्या शिळेचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवला होता. दुसऱ्या नावाही तिथं थांबायला लागल्या. शिळेच्या हातात कुणी खऱ्या बांगड्या अडकवल्या, कुणी लुगडं नेसवलं. दर खेपेला नवीन काहीतरी. पोरांना शिकवताना मी फळ्यावर सती शिळेचं चित्र काढत असे, ते बंद केलं. उद्या एखाद्या पोराच्या लक्षात आलं तर? एखाद्यानं विचारलं, बाई, मग ती वळणावरची?

तिसऱ्या वर्षी काय झालं ते सांगायला मी इथवर आले, आणि बघा, पुन्हा भलतंच बोलत बसले.

लाँच सुटून थोडाच वेळ झाला होता. सुमन ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसली होती, या खेपेला खरा खण, खरा नारळ, सगळं साग्रसंगीत. तिचा फोन वाजला. दाजींचा. दाजी पाहुण्यांकडं उदगीरला गेले होते आणि किल्ल्याच्या रस्त्याला एका चहाच्या हॉटेलात शिरले, तर चहा घेऊन आला तो प्रकाश. दाढी वाढलेली, वाळलेला, पण प्रकाशच. दाजींनी त्याला ओळख दिली, त्यानंही दिली. घरी चल म्हटल्यावर म्हणाला, ताई आली तर येतो. दादाच्या दारात मी एकटा जाणार न्हाई. ताईनं येऊन न्यावं.

सुमननं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडं पाहिलं. "वैनी, प्रकाश घावला. उदगीरला हाय. मी गेल्याबिगर येत न्हाई म्हणायलाय." आणि मग, अगदी हळू: "पर गोष्टीत तर शीव ओलांडायची न्हाई असं हाय न्? आज तिसरी ओटी. काय करू सांगा."

हाव, खरंच, तिनं मलाच विचारलं. दुसरं कुणाला विचारणार? गोष्ट माझी.

लोह्याच्या एक वयस्कर बाई होत्या नावेत, त्या पटकन म्हणाल्या, अगं माय, भाऊ घावलाय, जा की तिकडं! पण बाकीच्या बायांनी त्यांना गप्प केलं. अहो, तीन वर्षांचा नवस, तोंडाशी आलेला. निम्मा तर पावला. आता आणायला गेली तर हातचा जायचा, गोष्टीत तसंच आहे. नाही का हो बाई? आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

माझ्या हातात माईक होता. चालू होता. एक वाक्य बोलायचं होतं. सुमन, ती सतीची शिळा आहे, ती गोष्ट मी बनवली, तू जा. एवढं बोलले असते तर लाँचवाल्यानं तिला पुढच्या गावाला उतरवलं असतं, गाडी मिळाली असती, ती संध्याकाळपर्यंत भावाजवळ असती. मला हे सगळं तेव्हाच दिसत होतं. नंतर सुचलेलं नाही हे. अगदी स्वच्छ दिसत होतं.

मी म्हणाले, "गोष्टीत तर तसंच आहे. पुढं तुझं मन काय म्हणतंय ते बघ."

तुझं मन काय म्हणतंय! शिक्षिकेची भाषा. तिचं मन काय म्हणणार होतं, मीच भरून ठेवलेलं. तिनं मान हलवली, दाजींना फोनवर सांगितलं — त्याला म्हणावं, ताई वाट बघायलीय, तू ये — आणि वळण आल्यावर पाण्यात उतरली. संध्याकाळी ती भोकरला परत गेली, उंबऱ्यात दिवा लावायला. सव्वा महिना तिला शीव ओलांडायची नव्हती. इकडं हा ताई आल्याशिवाय हलत नव्हता, तिकडं ती भाऊ आल्याशिवाय हलत नव्हती.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. नाही. अजून पुढं आहे.

आमची सहल कंधारहून तिसऱ्या दिवशी उदगीरला पोचली. दाजी एव्हाना दुकानासाठी परत गेले होते. त्यांचा फोन आलेला — वैनी, तुम्ही त्या रस्त्यानंच जाणार, तुम्ही बोला त्याच्याशी, तुमचं तो ऐकतो. ऐकायचाच हो. मी आले तेव्हा तो दुसरीत होता. मी त्याला जेवताना गोष्टी सांगायची, आणि तो घास तोंडात ठेवून माझ्याकडं असा रोखून बघायचा आणि म्हणायचा, वैनी, हे तुम्ही आत्ता बनिवलं. आमच्या घरात तेवढं एकच माणूस होतं ज्याला माझी बनवलेली गोष्ट ओळखू यायची. दर खेपेला. कशी, देव जाणे.

टेम्पो किल्ल्याच्या रस्त्याला लागला आणि मला ते हॉटेल दिसलं. आणि तो दिसला. बाहेरच्या टेबलावरून फडकं फिरवत होता. मान उचलून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडं बघत होता — कुणाची तरी वाट बघणारा माणूस बघतो तसा. आमच्या टेम्पोकडंही त्यानं पाहिलं.

उतरायचं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण तो पहिलं काय विचारणार? ताई का न्हाई आली? मी म्हणणार, नवस आहे रे. कसला नवस? कोणता देव? आणि मी सांगायला लागले की त्याची ती नजर. त्याला पहिल्या वाक्याला कळलं असतं. मग त्यानं सुमनला सांगितलं असतं, यांना सांगितलं असतं, मागं टेम्पोत बसलेल्यांना कळलं असतं की बाई तीन वर्षं माईकवर काय सांगत होत्या.

मी खिडकीचा पडदा ओढला. ड्रायव्हरला म्हणाले, गाडी सरळ किल्ल्याच्या दाराशी घ्या, चहा वर घेऊ. आणि किल्ल्यावर जाऊन मी खंदकाची माहिती दिली, बुरुजांची दिली. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्हाला एवढं कसं हो ठाऊक. परतताना मी पलीकडच्या रस्त्यानं गाडी घ्यायला लावली. दाजींना सांगितलं, गर्दी होती, भेट झाली नाही.

हे मी केलं. भित्रेपणानं म्हणा, कशानं म्हणा — माझा दीर रस्त्यात उभा होता आणि मी पडदा ओढला.

सुमनचा सव्वा महिना पुरा व्हायच्या आत दाजी पुन्हा उदगीरला गेले. हॉटेलवाल्यानं सांगितलं, गेला. बिदरकडच्या एका ट्रकवर बसून गेला. कुठं ते बोलला नाही. रोज संध्याकाळी विचारायचा, भोकरहून कोणी बाई आली होती का. मग एक दिवस विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर आजवर त्याचा पत्ता नाही. दाजी निजामाबाद, बिदर सगळं पालथं घालून आले. आमचे हेही एकदा गेले, कुणाला न सांगता, आणि रिकाम्या हातानं आले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

सुमन रडली नाही. ती नांदेडला आली, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली, आणि मला विचारलं, "वैनी, माझं कुठं चुकलं?"

मी कणीक मळत होते. मला सांगता आलं असतं, तुझं नाही, माझं. अजून वेळ गेली नव्हती — भाऊ गेला होता, पण तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरलं असतं. शिळेला दोष देता आला असता, नशिबाला देता आला असता. पण शिळेला दोष दिला की गोष्ट पडते, आणि गोष्ट पडली की मी पडते. मी कणकेकडं बघत विचार केला — खरंच विचार केला, उत्तरपत्रिकेत चूक शोधावी तसा — आणि म्हणाले, "दुसऱ्या वर्षी तू ओटी माझ्या हाती पाठवलीस. ती तुझ्या हातानं व्हायला हवी होती."

तिनं परातीबाहेर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, हाव, खरं हाय. तापाचं काय एवढं, यायला पाहिजे होतं मी. आणि उठून मला पोळ्या लाटून देऊ लागली.

तेव्हापासून ती दर वर्षी येते. नव्यानं तीन वर्षं धरली, आता ताप असो की पाऊस. मी सहल बंद करून बघितली, गुडघ्यांचं कारण सांगितलं, तर तिनं दुसऱ्या नावेचं बुकिंग करून मलाच बरोबर यायला लावलं. मग परत मीच काढायला लागले. वळण जवळ आलं की मी डोळे मिटून घेते आणि लोक समजतात बाई भाविक आहेत.

गेल्या दिवाळीत लाँच सुटायच्या आधी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, वैनी, यंदा गोष्टीत माझं नाव घेऊन सांगा. भोकरच्या सुमननं ओटी दुसरीच्या हाती पाठवली म्हणून तिचा भाऊ हाताशी येऊन गेला. बायांना कळू द्या, कुणी असली चूक करू न्हाई. मी म्हणाले, अगं, कशाला? ती म्हणाली, माझं झालं ते झालं, दुसरीचं तरी होऊ न्हाई.

आणि मी सांगितलं. वळण आल्यावर, माईकवर, तिचं नाव घेऊन. पहिल्यापेक्षा चांगलं सांगितलं, कारण आता त्यात खरा माणूस होता. कुणी डबा उघडला नाही. सुमन समोरच्याच बाकावर बसली होती. तिचं नाव आलं तशा बायांनी माना वळवून तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं, हो, मीच ती, माझंच चुकलं, अशी मान हलवली. मी माईक दुसऱ्या हातात घेतला आणि कंधारच्या किल्ल्याचं सांगायला लागले.